विश्लेषण : गळती वाढवल्यावर लेझर पुन्हा पेटला... सी. व्ही. रामन यांच्या कामाशी या प्रयोगाचा संबंध काय?

२८ फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिन. वरळीच्या नेहरू सायन्स सेंटरपासून गावोगावच्या शाळांपर्यंत या दिवशी चंद्रशेखर वेंकट रामन यांचे नाव घेतले जाते. रामन परिणाम, नोबेल आणि भारतरत्न एवढी उजळणी झाली की विषय संपतो. मात्र रामन यांच्या निधनानंतर सुमारे ४४ वर्षांनी, २०१४ मध्ये, अमेरिकेतील एका प्रयोगशाळेत काचेच्या दोन सूक्ष्म कड्यांवर एक विलक्षण प्रयोग झाला. प्रकाशाची गळती वाढवत नेल्यावर त्यातला लेझर विझला, आणि गळती आणखी वाढवल्यावर तो पुन्हा पेटला. हा प्रयोग ज्या दोन गोष्टींवर उभा आहे, त्या दोन्ही रामन यांच्या आयुष्यातल्या कामाचा भाग होत्या. तिसरी गोष्ट त्यांच्याच संस्थेत त्यांच्या भाच्याने १९५५ मध्ये मांडली होती. हे धागे कसे जुळले, याविषयी...

मुंबई बंदरातून गेलेले पत्र कशाबद्दल होते?

वरळी सी फेसवरून दिसणारा समुद्र पावसाळ्यात गढूळ आणि एरवी राखाडी-हिरवट असतो. खोल समुद्र मात्र गडद निळा दिसतो. तो निळा का, याचे त्या काळचे प्रचलित उत्तर सोपे होते. पाण्यात आकाशाचे प्रतिबिंब पडते म्हणून. लॉर्ड रॅले यांच्यासारख्या नामवंत शास्त्रज्ञाचेही हेच मत होते.

१९२१ मध्ये रामन पहिल्यांदा परदेशी गेले. निमित्त होते ऑक्सफर्डमध्ये भरलेल्या ब्रिटिश साम्राज्यातील विद्यापीठांच्या परिषदेचे. परतताना 'नारकुंडा' बोटीवर त्यांच्याजवळ निकोल प्रिझम होता. पृष्ठभागावरून परावर्तित होणारी चमक या छोट्या उपकरणाने गाळून टाकता येते. रामन यांनी ती गाळली, तरी समुद्र निळाच राहिला. म्हणजे निळाई आकाशाची उसनी नव्हती. पाण्याचे रेणू प्रकाश विखुरत होते. पाणी लाल रंग शोषून घेते, याचाही या निळाईत मोठा वाटा आहे, हे आज आपल्याला ठाऊक आहे. पण केवळ प्रतिबिंबाचा सिद्धांत पुरेसा नाही, हे रामन यांनी डेकवर उभे राहून दाखवले. बोट मुंबई बंदरात आली तेव्हा 'नेचर' नियतकालिकासाठी लिहिलेल्या पत्रावर तारीख होती २६ सप्टेंबर १९२१ आणि ठिकाण होते मुंबई बंदर.

सरकारी अधिकारी शास्त्रज्ञ कसा झाला?

रामन यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ रोजी तिरुचिरापल्लीत झाला. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकत असतानाच, १९०६ मध्ये, त्यांचा पहिला शोधनिबंध लंडनच्या 'फिलॉसॉफिकल मॅगझिन'मध्ये छापून आला. मात्र विज्ञानात पोट भरेल अशी नोकरी तेव्हा भारतीयांसाठी जवळपास नव्हती. त्यांनी वित्त खात्याची परीक्षा दिली आणि १९०७ मध्ये अधिकारी म्हणून कोलकात्यात रुजू झाले.

कोलकात्याच्या बहुबाजार भागात 'इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स' ही संस्था होती. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ मध्ये ती स्थापन केली होती. रामन तिथे पोहोचले आणि तिथलेच झाले. ऑफिसच्या आधी प्रयोगशाळा आणि ऑफिस सुटल्यावर पुन्हा प्रयोगशाळा, असा दिनक्रम सुरू झाला. बदलीचा काळ वगळला तर जवळपास दहा वर्षे हे चालले. १९१७ मध्ये कोलकाता विद्यापीठाने त्यांना पालित प्राध्यापकपद देऊ केले. पगार सरकारी नोकरीपेक्षा कमी होता. रामन यांनी नोकरी सोडली.

तबल्याला शाई कशासाठी?

रामन यांचे सुरुवातीचे बरेचसे काम आवाजावर होते. व्हायोलिनची तार, वीणा आणि तंबोऱ्याची घोडी यांचा त्यांनी अभ्यास केला. १९२० मध्ये त्यांनी शिवकाली कुमार यांच्यासोबत मृदंग आणि तबल्यासारख्या वाद्यांवर 'नेचर'मध्ये लिहिले. गोल ताणलेले साधे कातडे वाजवले की वेगवेगळे कंप एकाच वेळी उठतात आणि त्यांचे सूर एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणून ढोल किंवा ताशा घुमतो, पण त्यातून स्पष्ट सूर लागत नाही. तबल्याच्या मधोमध शाईचा थर चढवला की कातड्याचे वजन मध्यभागी वाढते आणि हे कंप सुरेल प्रमाणात येतात. कातड्याचे पहिले नऊ मूलभूत कंप गटागटाने जुळून पाच सुरेल स्वर देतात, हे रामन यांनी दाखवले.

इथे एक कल्पना लक्षात ठेवायला हवी. प्रत्येक वस्तूला कंप पावण्याच्या काही ठरावीक तऱ्हा असतात. अशा ठरावीक तऱ्हांनी लहर धरून ठेवणारी वस्तू म्हणजे अनुनादक किंवा रेझोनेटर. तबला हा आवाजाचा अनुनादक आहे. काचेचे कडे हा प्रकाशाचा.

गोलघुमटात कुजबुज का ऐकू येते?

विजापूरचा गोलघुमट महाराष्ट्राला नवा नाही. मोहम्मद आदिलशहाची ही कबर सतराव्या शतकात बांधली गेली. घुमटाच्या आत चौफेर सज्जा आहे. एका टोकाला भिंतीशी तोंड नेऊन कुजबुजले तर सुमारे ३८ मीटर व्यासाच्या घुमटात थेट पलीकडे उभ्या माणसाला ते ऐकू येते. लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलमध्येही अशीच कुजबुज सज्जा आहे.

सेंट पॉलमधला आवाज घुमटावर आपटून पलीकडे जातो असे नाही, तर तो गोल भिंतीला चिकटून, तिच्या कडेकडेने सरपटत जातो, असे रॅले यांनी सांगितले होते. १९२१ च्या त्याच लंडनभेटीत रामन आणि जी. ए. सदरलँड यांनी तिथे प्रयोग केले. भिंतीपासून जसजसे आत जावे तसतसा आवाज एकसारखा कमी होत नव्हता. तो कुठे वाढत होता, कुठे पडत होता, पुन्हा वाढत होता. भिंतीच्या कडेने जातानाही तसेच चढउतार मिळाले. रॅले यांचे गणित या पट्ट्यांचा पुरता खुलासा करत नव्हते. मायदेशी आल्यावर रामन यांनी गोलघुमटासह भारतातील अशा वास्तूंचा अभ्यास केला आणि १९२२ मध्ये कुजबुज सज्जांवर निबंध प्रसिद्ध केला.

हीच कल्पना आता काचेत वापरली जाते. केसाच्या जाडीइतके किंवा त्याहून लहान काचेचे कडे घेतले आणि त्यात प्रकाश सोडला, तर तो आतल्या कडेला धरून गोल फिरत राहतो. काच अतिशय स्वच्छ असेल तर बाहेर पडण्यापूर्वी त्याच्या लाखो फेऱ्या होतात. या कड्यांना आजही 'व्हिस्परिंग गॅलरी रेझोनेटर' असेच म्हणतात.

रामन परिणाम म्हणजे नेमके काय?

समुद्राच्या निळाईने सुरू झालेला प्रश्न रामन यांनी सोडला नाही. पुढची सात वर्षे ते आणि त्यांचे विद्यार्थी द्रवपदार्थांतून प्रकाश कसा विखुरतो, हे पाहत राहिले. विखुरलेल्या प्रकाशात मूळ रंगाव्यतिरिक्त आणखी एक अतिशय मंद चमक दिसत होती. द्रव अशुद्ध असेल म्हणून असे होत असावे, असा संशय होता. त्यामुळे द्रव पुन्हा पुन्हा शुद्ध करण्यात आले. चमक गेली नाही. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी रामन आणि के. एस. कृष्णन यांना खात्री पटली की हा वेगळाच परिणाम आहे.

प्रकाश रेणूवर पडला की बहुतांश वेळा तो आहे त्याच रंगाने विखुरतो. पण साधारण एक कोटी प्रकाशकणांत एखादा रेणूला थोडी ऊर्जा देतो किंवा त्याच्याकडून घेतो आणि वेगळ्या रंगाने बाहेर पडतो. हा फरक रेणूची ओळख सांगतो. मॉस्कोत लँड्सबर्ग आणि मँडेलश्टाम यांनाही त्याच सुमारास स्फटिकांत हाच परिणाम दिसला होता. मात्र रामन यांनी तातडीने निबंध प्रसिद्ध केला. १९३० चे भौतिकशास्त्राचे नोबेल एकट्या रामन यांना मिळाले. विज्ञानातले नोबेल मिळवणारे ते पहिले आशियाई.

पुढे लेझर आल्यावर या परिणामाचा दुसरा उपयोग सापडला. काचेत पुरेसा प्रखर प्रकाश कोंडला तर रामन परिणामाने बदललेला रंग स्वतःच वाढत जातो आणि त्याचा लेझर बनतो. लांब पल्ल्याच्या ऑप्टिकल फायबरमध्ये क्षीण झालेला संदेश पुन्हा वाढवण्यासाठीही हे तत्त्व वापरले जाते.

बेंगळूरुमध्ये वाद कशामुळे झाले?

१९३३ मध्ये रामन बेंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेचे पहिले भारतीय संचालक झाले. त्याच वर्षी मुंबई विद्यापीठाची पदवी घेतलेल्या कमला भागवत यांनी तिथे प्रवेशासाठी अर्ज केला. लेखिका दुर्गा भागवत यांच्या त्या भगिनी. गुणवत्ता असूनही केवळ स्त्री म्हणून रामन यांनी त्यांना नकार दिला. कमला हटल्या नाहीत. शेवटी प्रवेश मिळाला, पण पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून न धरण्याच्या अटीवर. त्यांचे काम पाहून रामन यांना मत बदलावे लागले आणि संस्थेचे दार स्त्रियांसाठी उघडले. कमला सोहोनी या नावाने त्या पुढे जीवरसायनशास्त्रात प्रसिद्ध झाल्या, केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली आणि मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या संचालकही झाल्या. रामन यांच्या चरित्रातून ही बाजू वगळता येत नाही.

संस्थेतही खटके उडू लागले. भौतिकशास्त्राला झुकते माप दिल्याची तक्रार झाली, चौकशी समिती आली. १९३७ मध्ये रामन यांना संचालकपद सोडावे लागले. प्राध्यापक म्हणून ते १९४८ पर्यंत तिथेच राहिले. दरम्यान १९३४ मध्ये त्यांनी इंडियन ॲकॅडमी ऑफ सायन्सेस स्थापन केली. भारतीय संशोधन भारतातच छापले जावे, हा त्यामागचा आग्रह होता. १९४८ मध्ये त्यांनी रामन संशोधन संस्था सुरू केली. १९५४ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले.

पंचरत्नम यांनी काय शोधले?

रामन संशोधन संस्थेत विशीतला एक तरुण आला होता. शिवरामकृष्णन पंचरत्नम, जन्म १९३४, रामन यांच्या बहिणीचा मुलगा. त्याने निवडलेला विषय फारसे कोणी हाताळत नव्हते. प्रकाश शोषून घेणाऱ्या रंगीत स्फटिकांतून प्रकाश कसा जातो?

पारदर्शक स्फटिकात शिरलेला प्रकाश साधारणपणे दोन तऱ्हांत विभागला जातो. दोन्हींच्या कंपनाची दिशा वेगळी आणि वेगही वेगळा. पोलराइज्ड गॉगल डोळ्यांवर असताना मान तिरकी केली की मोबाइलचा स्क्रीन काळपट होतो, तो प्रकाशाच्या कंपनाला दिशा असते म्हणून. स्फटिक प्रकाश शोषणारा असेल तर मात्र काही विशिष्ट दिशांना चमत्कारिक गोष्ट घडते. दोन तऱ्हा जवळ येत येत एकच होतात. दुसरी तऱ्हा उरतच नाही. जर्मन शास्त्रज्ञ व्होल्डेमार फॉग्ट यांनी १९०२ मध्ये याची चाहूल दिली होती. पंचरत्नम यांनी १९५५ मध्ये त्याचे नेटके गणित मांडले आणि आयोलाइट स्फटिकावर प्रयोगही केले.

आज या स्थितीला अपवादात्मक बिंदू म्हणतात. इंग्रजीतले 'एक्सेप्शनल पॉइंट' ते हेच. शोषण, म्हणजे प्रकाशाचे नुकसान, नसते तर हा बिंदू त्या स्फटिकात आलाच नसता.

पुढच्याच वर्षी पंचरत्नम यांनी प्रकाशाच्या भूमितीय कलेचा शोध लावला. ब्रिटनचे मायकेल बेरी यांनी १९८४ मध्ये पुंजभौतिकीत तीच कल्पना स्वतंत्रपणे मांडली, तेव्हा जगाला ती नवी वाटली. पंचरत्नम यांचे काम समजल्यावर बेरी यांनी त्याचे श्रेय मोकळेपणाने दिले. पण पंचरत्नम ते पाहायला नव्हते. १९६९ मध्ये, वयाच्या अवघ्या ३५ व्या वर्षी, त्यांचे ऑक्सफर्डमध्ये निधन झाले होते. पुढच्याच वर्षी, २१ नोव्हेंबर १९७० रोजी, बेंगळूरुमध्ये रामन गेले.

'नॉन-हर्मिशियन' म्हणजे काय?

शार्ल हर्मिट हे एकोणिसाव्या शतकातले फ्रेंच गणिती. ज्या व्यवस्थेत ऊर्जा बाहेर जात नाही आणि बाहेरून आत येत नाही, तिचे गणित त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चौकटीत बसते. प्रत्यक्षातला कोणताही अनुनादक असा बंदिस्त नसतो. कड्यातून प्रकाश गळतो, काच थोडा शोषून घेते किंवा बाहेरून ऊर्जा पुरवून तो वाढवला जातो. गळती आणि भर असलेली अशी व्यवस्था म्हणजे नॉन-हर्मिशियन.

एकाच आडव्या दोरीला दोन सारखे झोके बांधले आहेत, अशी कल्पना करा. एकाला हलवले की दोरीतून दुसराही हलू लागतो आणि झोका दोघांत वाटला जातो. आता डावीकडच्या झोक्याला कोणीतरी सतत हलका धक्का देत आहे आणि उजवीकडचा तितक्याच जोराने कोणीतरी अडवत आहे. दोघांच्या जागा बदलल्या तर धक्का उजवीकडे जाईल. पण त्याच वेळी या सगळ्याची चित्रफीत उलटी फिरवली, तर धक्का हा अडथळा दिसेल आणि अडथळा हा धक्का. म्हणजे दोन्ही बदल एकदम केले की चित्र पुन्हा मूळचेच. या गुणधर्माला स्थान-काळ सममिती म्हणता येईल. अशा व्यवस्थेत गळती असूनही स्थिर कंप शक्य आहेत, हे कार्ल बेंडर आणि स्टीफन बॉटशर यांनी १९९८ मध्ये गणिताने दाखवले.

सममिती मोडते केव्हा?

सगळे अवलंबून आहे दोरीवर. दोन झोक्यांमधली देवाणघेवाण जोरदार असेल तर डावीकडची भर उजवीकडे पोहोचते आणि हिशेब जुळतो. झोका दोघांत सारखा राहतो. भर आणि गळती वाढवत नेली तर एक टप्पा असा येतो की दोरी कमी पडते. त्यापुढे डावीकडचा झोका वाढतच जातो आणि उजवीकडचा थंडावतो. मांडणी अजूनही सममित आहे, पण तिच्यातली हालचाल सममित राहिलेली नाही. यालाच सममिती मोडणे म्हणतात. ज्या टप्प्यावर हे घडते तोच अपवादात्मक बिंदू. तिथे दोन्ही झोक्यांच्या मिळून होणाऱ्या दोन तऱ्हांची एकच तऱ्हा होते, पंचरत्नम यांच्या स्फटिकात झाले तसेच.

२०१४ च्या प्रयोगात काय घडले?

सेंट लुइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात लॅन यांग यांच्या गटाने काचेची दोन सूक्ष्म कडी शेजारी-शेजारी ठेवली. या गटात बेंडरही होते. झोक्यांच्या जागी कडी आणि दोरीच्या जागी त्यांच्यामधली अरुंद फट, जिच्यातून प्रकाश इकडून तिकडे जातो. पहिल्या कड्यात रामन परिणामावर चालणारा लेझर सुरू होता. दुसऱ्या कड्याजवळ क्रोमियमचा लेप दिलेले बारीक टोक हळूहळू नेण्यात आले. क्रोमियम प्रकाश शोषते, म्हणजे तिथली गळती वाढली.

आधी अपेक्षेप्रमाणे लेझर मंदावला आणि विझला. प्रकाश दोन्ही कड्यांत वाटलेला होता, त्यामुळे एकाची गळती दोघांना भोवली. टोक आणखी जवळ नेले. गळती आणखी वाढली, अपवादात्मक बिंदू ओलांडला गेला आणि लेझर परत आला. कारण आता प्रकाश वाटला जात नव्हता. त्याची एक तऱ्हा गळक्या कड्यातून जवळपास बाहेर पडून चांगल्या कड्यात एकवटली होती. एरवी लेझरच्या बाबतीत गळती वाढली की प्रकाश कमी होतो, एवढेच अपेक्षित असते. इथे एकूण गळती वाढूनही प्रकाश वाढला.

याचा उपयोग काय, आणि मर्यादा कोणत्या?

चिपवरच्या लेझरमध्ये अनेक तऱ्हा एकमेकींत मिसळतात. सममिती मोडण्याचा वापर करून हवी तेवढी एकच तऱ्हा निवडता येते, हे २०१४ मध्येच इतर गटांनी दाखवले. दुसरा उपयोग संवेदकांचा. साध्या कड्यावर सूक्ष्म कण बसला तर होणारा बदल त्या कणाच्या परिणामाच्या प्रमाणात असतो. अपवादात्मक बिंदूपाशी तो वर्गमुळाच्या प्रमाणात होतो. योग्य एककात परिणाम दहा हजारांश असेल, तर प्रतिसाद शतांश मिळतो. २०१७ मध्ये दोन गटांनी हे प्रयोगाने दाखवले.

मात्र यावर आक्षेपही आहेत. संकेत वाढतो तसा या बिंदूजवळ गोंगाटही वाढतो. मग प्रत्यक्ष मोजमापाची अचूकता खरोखर सुधारते का, यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. शिवाय व्यवस्था नेमकी त्या बिंदूवर धरून ठेवणे अवघड असते. तापमानातला किरकोळ बदलही तिला हलवू शकतो.

रामन किंवा पंचरत्नम यांनी यातले काही आधीच ओळखले होते, असे म्हणणे चुकीचे ठरेल. पण भिंतीलगतची कुजबुज, द्रवातली मंद चमक आणि स्फटिकातले शोषण या तिन्ही गोष्टी सहज दुर्लक्षिल्या जातील अशा होत्या. त्यांनी त्या मोजल्या. मायदेशातच छापायचे या आग्रहाची किंमतही होती. पंचरत्नम यांचे निबंध रामन यांच्याच ॲकॅडमीच्या नियतकालिकात आले आणि परदेशात बराच काळ फारसे कोणी वाचले नाहीत. आता त्या नियतकालिकाचे जुने अंक ॲकॅडमीच्या संकेतस्थळावर विनामूल्य आहेत. १९५५ चा तो निबंध आज कोणालाही मोबाइलवर उघडून वाचता येतो.